दाभोळच्या धक्क्यावर

दिलसुखनगरातील आम्हा जुन्या मराठी कुटुंबांची पाळेमुळे बहुधा मराठवाड्यातील, नाहीतर बिदर-गुलबर्ग्याकडील. समुद्राशी आपला संबंध तो काय, असेच आम्ही आयुष्यभर मानीत आलो. निजामाच्या राज्याला अखेरीस किनारा उरला नव्हता. १९४७ च्या सुमारास पोर्तुगीजांकडून मार्मागोवा बंदर मिळविण्याचा खटाटोप झाला, तोही निष्फळ ठरला.

म्हणूनच निवृत्तीनंतर आम्ही चार स्नेह्यांनी पाठीला पिशव्या अडकवून कोकण किनारा हिंडण्याचे ठरविले, तेव्हा घरची तरुण मंडळी हसली. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तरुण प्रवाशांना वसतिगृहाच्या दारी सोडणारी बस बरीच वर्षे धावत असे. एकाच तिकिटावर हवे तेथे उतरावे, मागाहून येणारी गाडी धरावी. आपल्याकडे महाराष्ट्राच्या एस. टी. ने ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ मध्येच आणली. आम्ही सात दिवसांचा पास काढला. वसतिगृहाऐवजी घरगुती खानावळी होत्या, एवढाच फरक. आणि सोलकढी ही आमच्या मते जमेची बाजू.

अलिबागहून दक्षिणेकडे निघाले की खाड्या रस्ता तोडतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड : दर ठिकाणी एस. टी. सोडावी, फेरीबोटीने पलीकडे जावे, दुसरी एस. टी. पाहावी. रस्ते नव्हते तेव्हा हा सारा किनारा आगबोटींचा होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करीत जाई. अनेक बंदरांत ती दूर समुद्रातच उभी राही आणि बायकामुले, बोचकी पडावांतून किनाऱ्याला येत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ते नाव अजूनही तिकडे हलक्या आवाजात घेतात.

दाभोळला मात्र आमची समजूतच उलटली. बहमनी राजवटीत दख्खनच्या मोठ्या बंदरांत याची गणना होती. पंधराव्या शतकात बिदरला राहून गेलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतीच्या वाटेवर येथूनच जहाजात बसला. इजिप्त, अरबस्तान, खुरासान येथले घोडे या बंदरात उतरतात आणि येथून बिदर-गुलबर्ग्याला पायी महिना लागतो, असे तो नोंदवितो. म्हणजे ज्या बिदरला आम्ही समुद्रापासून तुटलेले समजत होतो, त्याचा दरवाजा हा होता! शाळेत बहमनी सुलतानांची नावे पाठ केली. त्यांचे घोडे कोठून आले, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.

धक्क्याजवळच आदिलशाही काळातील दगडी मशीद आहे. आज तेथे थांबणे घडते ते बोटीची वाट पाहावी लागते म्हणून. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. आजारी माणसाला रात्री खाडीपार नेणाऱ्यांना पूल हवाच. त्याविरुद्ध आम्ही कोण बोलणार? पण मग दाभोळला उतरेल कोण?

बोट लागली. आमच्यातील एक जण, ज्यांचे आजोळ बिदरचे, ते अजून मशिदीपाशीच होते. हाका मारल्या, त्यांनी नुसता हात हलविला. पलीकडे धोपाव्याला गुहागरची एस. टी. सुटण्याच्या बेतात होती. आम्ही ती बोट जाऊ दिली.