यूकेसेड्स : ब्रिटनमधील विद्यार्थ्यांची अंतराळ संघटना



"आमच्या चिरंजीवांना रॉकेटचं भारी वेड आहे, पुढे काय करायचं?" असा प्रश्न आपल्या कार्यक्रमांत, बहुधा जेवणाच्या रांगेत, हमखास ऐकू येतो. मी इंजिनिअरिंग करून आयटीत स्थिरावलेला माणूस, या विषयातला तज्ज्ञ नव्हे. तरीही जमवलेली माहिती इथे देत आहे.

सेड्स म्हणजे 'स्टुडंट्स फॉर द एक्स्प्लोरेशन अँड डेव्हलपमेंट ऑफ स्पेस'. ही संघटना १९८० साली अमेरिकेत एमआयटी आणि प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. एमआयटीतले पीटर डायमँडिस संस्थापकांपैकी एक. प्रिन्स्टन शाखेचे अध्यक्षपद पुढे जेफ बेझोस यांनी भूषवले. ब्रिटनमधली यूकेसेड्स १९८८ची. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था असून विद्यार्थीच ती चालवतात. अनेक विद्यापीठांत तिच्या शाखा आहेत.

दरवर्षी राष्ट्रीय विद्यार्थी अंतराळ परिषद भरते, पण खरी गंमत स्पर्धांची. रॉकेट, उपग्रहाचा आराखडा आणि चंद्रावर चालेल अशी छोटी गाडी, म्हणजे रोव्हर! रोव्हरच्या स्पर्धेत आधी आराखडा कागदावर मांडायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, चुका दुरुस्त करायच्या आणि मगच गाडी बांधायची. अंतिम फेरी पूर्वी ऑक्सफर्डजवळच्या हार्वेल येथील 'राल स्पेस'मध्ये झाली आहे. कंपन्यांतही काम याच पद्धतीने चालते, त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीत नुसत्या मार्कांपेक्षा हा अनुभव जास्त बोलतो. संघटना 'स्पेसकरिअर्स' नावाचे नोकऱ्यांचे संकेतस्थळही चालवते.

एक गोष्ट पालकांनी आधीच ध्यानात घ्यावी. अंतराळ क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या संरक्षणाचीही कामे करतात. तिथे सुरक्षा तपासणी होते आणि त्यासाठी बहुधा काही वर्षांचे ब्रिटनमधील वास्तव्य लागते. युरोपियन स्पेस एजन्सीत ब्रिटन ब्रेक्झिटनंतरही सदस्य आहे, पण तिथे अंतराळवीर व्हायचे तर सदस्य देशाचे नागरिकत्व हवे. भारतीय पासपोर्टवर शिकणाऱ्या मुलांनी कोर्स निवडतानाच याची चौकशी करावी. शेवटच्या वर्षी कळले तर फार मनस्ताप होतो.

आता कुणी म्हणेल, हे आपल्याकडे नाही का? आहे की! पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ ने सोडला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीचा 'प्रथम' गेला. दोन्हींमागे विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांची मेहनत होती. सुरुवात करणारे पास होऊन केव्हाच बाहेर पडले होते.

शाळकरी मुलांसाठी कॅनसॅट आहे : शीतपेयाच्या डब्यात मावेल एवढा 'उपग्रह', जो खाली येताना तापमान आणि हवेचा दाब मोजून रेडिओने कळवतो. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांकडे विचारून पाहा. त्याहून लहान मुलांना लेस्टरचे नॅशनल स्पेस सेंटर (२००१) दाखवा; आमची मंडळी तिथून बाहेर निघायला तयार नव्हती.

विद्यापीठात जाणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यातल्या फ्रेशर्स फेअरमध्ये स्पेस सोसायटीचे टेबल शोधावे. सापडले नाही तर चार मित्र जमवून शाखा काढता येते, त्यासाठी यूकेसेड्सला थेट लिहावे.