उचलून नेता येणारी रेल्वे

रेल्वेचा इतिहास म्हटलं की आपल्याला १६ एप्रिल १८५३ आठवतो. बोरीबंदर, ठाणं, झालंच तर खंडाळ्याचा घाट. पण मंडळी, रेल्वेची एक जात अशीही होती की जिला ना स्टेशन, ना तिकीट, ना वेळापत्रक. तिला धड कायमचा मार्गसुद्धा नव्हता. आज रूळ इथे, पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वावरात. ही शेतावरची रेल्वे.

गेली दोन वर्षं मी तिचं छोटं मॉडेल बांधतोय. (आठवडाभर स्क्रीनवर बिल्ड आणि शनिवार-रविवार टेबलावर बिल्ड, असं आमच्या घरात बोललं जातं.) त्या निमित्तानं बरंच वाचून झालं, त्यातलं थोडं आज इथे.

गोष्ट सुरू होते चिखलात. पॅरिसच्या आग्नेयेला, सीन नदीच्या काठी पेती-बूर इथे पॉल डेकोविल या गृहस्थांची मोठी शेती आणि सोबत कारखाना होता. १८७५ सालचा शरद ऋतू पावसाचा गेला. साखरेचं बीट काढायला तयार, पण गाड्या शेतात घातल्या की चाकं रुतायची. हजारो टन बीट जागेवर पडून. डेकोविलनं यावर काढलेला उपाय म्हणजे अवघ्या ४० सेंटिमीटर रुंदीचे रूळ.

अरुंद रूळ त्याआधीही होते. त्याची खरी करामत वेगळी. त्यानं रूळ आणि स्लीपर वेगवेगळे ठेवलेच नाहीत. दोन हलके रूळ लोखंडी पट्ट्यांवर पक्के जोडून त्यानं शिडीसारखे तयार तुकडे बनवले. असा पाच मीटरचा तुकडा दोन माणसांनी उचलायचा, चिखलावर ठेवायचा, पुढचा तुकडा त्याला अडकवायचा. वजन लांबवर पसरतं, त्यामुळे वाघीण रुतत नाही. शेताचा हा कोपरा संपला की शिडी उचलून पुढच्या कोपऱ्यात. ना भराव, ना खडी, ना अभियंता. आजच्या भाषेत शुद्ध प्लग अँड प्ले!

बिटाचा प्रश्न सुटला आणि डेकोविलच्या लक्षात आलं की बिटापेक्षा हे रूळच जास्त खपतील. झालंही तसंच. मळे, खाणी, बांधकामं, वसाहती, सगळीकडे त्याचे रूळ गेले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात (आयफेल टॉवर उभा राहिला तेच प्रदर्शन) त्यानं ६० सेंटिमीटर रुंदीची सुमारे ३ किलोमीटरची लाइन टाकली. सहा महिन्यांत ६० लाखांहून जास्त लोक तिच्यातून फिरले. म्हणजे शेतावरची रेल्वे प्रदर्शनात मांडून लोकांना थक्क करायचं, ही कल्पना आम्हा मॉडेलवाल्यांची नाही. ती खुद्द डेकोविलची!

जर्मनीत हाच धंदा बर्लिनच्या ओरेनस्टाइन उंड कोपेल या कंपनीनं जोरात केला. नाव ओळखीचं वाटतंय? १९०७ साली सुरू झालेल्या आपल्या माथेरानच्या गाडीची पहिली वाफेची इंजिनं याच कंपनीची. शेतमळ्यांच्या रुळांवर कमावलेलं कसब नेरळच्या डोंगरावर कामी आलं.

मग आलं पहिलं महायुद्ध. तोफांच्या माऱ्यानं रस्ते उरले नव्हते आणि चिखल पेती-बूरच्या शंभरपट होता. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी आघाडीवर ६० सेंटिमीटरचे रूळ अंथरले. जाताना दारूगोळा, येताना जखमी सैनिक. युद्ध संपल्यावर हा सगळा माल भंगाराच्या भावात विकायला निघाला. इंग्लंडमध्ये लिंकनशरच्या बटाटे पिकवणाऱ्या जमीनदारांनी तो घेतला. नॉक्टन इथल्या मळ्यावर ३० किलोमीटरहून जास्त लांबीचं रुळांचं जाळं झालं. १९३६ साली तो मळा स्मिथ्स या बटाटा वेफर्सवाल्या कंपनीनं विकत घेतला. खंदकात तोफगोळे वाहिलेल्या वाघिणींतून आता वेफर्सचे बटाटे!

पुढे ट्रॅक्टर आले, ट्रक आले, रस्ते सुधारले. साठच्या दशकात नॉक्टनचे रूळ गेले. त्यातला काही माल लिंकनशर कोस्ट लाइट रेल्वे या १९६० साली सुरू झालेल्या छोट्या प्रवासी लाइननं घेतला, म्हणून तो वाचला. पण असं भाग्य थोड्यांचंच. बहुतेक ठिकाणी शिड्या उचलल्या, भंगारात घातल्या, त्यावरून नांगर फिरला. संपलं.

आता मॉडेलकडे. १९६३ च्या सुमारास जर्मनीत एगर-बान नावाच्या कंपनीनं ९ मिलिमीटर रुळांवर धावणारी शेत-रेल्वेची इवलीशी मॉडेलं आणली. कंपनी काही वर्षांतच बंद पडली, पण नाद लागायचा तो लागला. इंग्लंडमध्ये १९७३ साली अशा नादिष्टांची '००९ सोसायटी' स्थापन झाली. आपल्याकडे पुणेकरांनी कर्वे रस्त्यावरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिलं असेलच.

मला बांधायची होती डेकोविलची मूळ ४० सेंटिमीटरवाली. तिचं गणित मजेशीर आहे. १:४३.५ हे प्रमाण घेतलं तर ४०० मिलिमीटरचे होतात ९.२ मिलिमीटर. आणि बाजारात मिळणाऱ्या एन गेजच्या रुळांची रुंदी नेमकी ९! म्हणजे तयार रूळ आणि तयार इंजिनाचा सांगाडा वापरायचा, वरचं सगळं घरी करायचं. चिखलाला वाळवलेला चहाचा चोथा आणि फेव्हिकॉल. बिटांना धने, फिकट रंग देऊन. पाच मीटरची शिडी या प्रमाणात साडेअकरा सेंटिमीटरची होते.

एक गोष्ट मात्र डाचत होती. मॉडेलमध्ये रूळ चिकटवावे लागतात, नाहीतर वीज नीट पोचत नाही. पण ज्या रेल्वेचा जीवच उचलून नेण्यात, तिला फेव्हिकॉलनं कायमचं खिळवायचं? उत्तर इतिहासातच होतं. शेतात आतवर इंजिन सहसा जायचंच नाही. तिथे वाघिणी माणसं ढकलायची, नाहीतर घोडे ओढायचे. (जनावरांनी ओढलेली रेल्वे आपल्यालाही नवी नाही. खंडेराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १८६२ साली डभोई-मियागाम मार्गावर बैलच गाड्या ओढायचे.) म्हणून मी मुख्य लाइन चिकटवली, तिच्यावर इंजिन. शेतातले फाटे मोकळे. साडेअकरा सेंटिमीटरच्या शिड्या उचला, हव्या तिथे जोडा, वाघीण बोटानं ढकला.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत हे मांडलं. पोरांना इंजिनापेक्षा शिड्या आवडल्या. दर दहा मिनिटांनी शेताचा नकाशा बदलत होता. सोसायटीतले एक काका, पंच्याहत्तरीच्या पुढचे, बराच वेळ बघत उभे होते. त्यांचे वडील तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. म्हणाले, "अरे, आमच्या मळ्यावर ऊस असाच यायचा. पावसाळ्यात हे रूळ गोळा करून गोदामामागे रचून ठेवायचे. त्या ढिगावर चढून आम्ही खेळायचो."

मी विचारलं, "काका, आता तिथे काय आहे?"

"काही नाही. वावर आहे."

महाराष्ट्रातल्या काही जुन्या खाजगी कारखान्यांच्या मळ्यांवर असे अरुंद रूळ होते. ते सगळीकडे का पसरले नाहीत, याचं कारण यंत्रात नाही, सातबाऱ्यात आहे. असे रूळ परवडतात ते सलग जमीन एका मालकाची असेल तरच. पेती-बूर, नॉक्टन, सगळीकडे तेच. आपल्याकडे १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस आता हजारो छोट्या शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या रानांतून येऊ लागला. कुणाच्या बांधावरून रूळ नेणार? तिथे बैलगाडीच बरी. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं खाजगी कारखान्यांचे मोठे मळेही गेले आणि १९६३ मध्ये त्यांच्यासाठी राज्य शेती महामंडळ निघालं. जमिनीच्या वाटणीच्या दृष्टीनं जे झालं ते बरंच झालं असं मला वाटतं. पण त्या रुळांवर घाम गाळलेल्या माणसांची आठवणही रुळांबरोबरच उचलली गेली. ठाण्याच्या गाडीचा मिनिटाचा हिशेब आपल्याकडे आहे. उसाच्या गाडीचा कुणी ठेवला?

तुमच्या घरात कुणी अशा मळ्यावर वाढलं असेल तर एकदा विचारा. रूळ कुठून कुठे जायचे, वाघिणी कोण ढकलायचं, मुकादम कुठे बसायचा. आणि लिहून ठेवा.

असो. काकांनी मला वहीच्या पानावर त्यांच्या मळ्याचा नकाशा काढून दिलाय. विहीर, काटा, गोदाम, रुळांचा ढीग, सगळं. पुढचं मॉडेल त्याचंच. उसासाठी काय वापरायचं एवढं ठरायचंय. सध्या तरी खराट्याच्या काड्या आघाडीवर आहेत :-)