सारंग, विलास

(१९४२–२०१५). मराठी व इंग्रजी कथाकार, कादंबरीकार, कवी आणि समीक्षक. जन्म कारवारचा. मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन व विभागप्रमुखपद. इराकमधील बसरा येथे १९७४ ते १९७९ आणि पुढे कुवेतमध्येही अध्यापन. त्यांची ओळख सहसा ‘इंग्रजीतही लिहिणारे मराठी कथाकार’ अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. ‘सोलेदाद’ (१९७५) हा कथासंग्रह मराठी, तर ‘अ काइंड ऑफ सायलेन्स’ (१९७८) हा कवितासंग्रह इंग्रजी. म्हणजे आरंभापासूनच दोन्ही भाषा त्यांच्या हाताशी होत्या. कथा, कादंबरी, कविता, समीक्षा आणि भाषांतरविचार असा त्यांचा पसारा विखुरलेला भासला, तरी ते एकाच शोधाचे फाटे आहेत: अर्थ हरवलेल्या जगात माणसाने स्वतःच्या देहाशी आणि एकटेपणाशी कसा सामना करावा, हा तो शोध.

याचा भक्कम पुरावा त्यांच्या स्व-अनुवादात मिळतो. ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’ (१९९०) या संग्रहातील कथा त्यांनी ब्रिऑन मिचेल यांच्या साहाय्याने इंग्रजीत नेल्या. याच मिचेल यांनी पुढे काफ्काच्या ‘द ट्रायल’चे इंग्रजी भाषांतर केले. बसऱ्याच्या पार्श्वभूमीवरची ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी १९९३ मध्ये ‘इन द लँड ऑफ एन्की’ म्हणून इंग्रजीत आली. एन्की हा सुमेरियनांचा जलदेव. त्याच्या प्राचीन भूमीत, आधुनिक हुकूमशाहीच्या छायेत वावरणारा मराठी प्राध्यापक हा तिचा नायक. अरुण कोलटकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत लिहिणारे किरण नगरकर पुढे कादंबरीसाठी इंग्रजीकडे वळले. सारंगांनी मात्र तोच ऐवज पुनःपुन्हा या भाषेतून त्या भाषेत नेऊन पारखला. ‘द स्टायलिस्टिक्स ऑफ लिटररी ट्रान्सलेशन’ (१९८८) या अभ्यासात त्यांनी मराठी-इंग्रजी भाषांतराच्या शैलीचा जो विचार केला, तो असा त्यांच्या सर्जनाशी थेट जोडलेला आहे.

त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप परकेपणाचा: ही सारी काफ्का, काम्यू आणि बेकेट यांची उसनवारी आहे, असा. ऋण होतेच आणि सारंगांनी ते लपवले नाही. ‘सिसिफस आणि बेलाक्वा’ या समीक्षाग्रंथाच्या नावातच काम्यूचा सिसिफस आणि बेकेटचा बेलाक्वा शेजारी उभे आहेत. पण ऋण आणि नक्कल एक नव्हे. त्यांच्या एका कथेत विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्ती सजीव होतात आणि बुडायचे नाकारून निघून जातात. ही कल्पना काफ्काच्या प्रागमध्ये सुचणारी नाही; दरवर्षी देव घडवून त्याला भक्तिभावाने पाण्यात सोडणाऱ्या गावालाच ती सुचू शकते. अद्भुत प्रसंग थंड, नेमक्या वाक्यांत मांडण्याची रीत बाहेरून आली असेल, पण भय आणि करुणा इथल्याच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एम. चाको नावाच्या खलाशाच्या मुलाखतीच्या रूपात लिहिलेल्या कथेत एका बेटावरच्या स्त्रिया अर्ध्याच आहेत: काहींना कमरेच्या वरचा भाग, काहींना खालचा. अशा लेखनात स्त्री केवळ देह उरते, हे वाचकाला खुपते आणि ते खुपणे रास्तच आहे. ‘द विमेन इन केजेस’ (२००६) हा त्यांच्या कथांचा इंग्रजी संग्रह वाचताना ही अस्वस्थता वारंवार जाणवते. तरीही ते अर्धेपण मुळात पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेतले आहे. मुलाखतीचा कोरडा साचा त्या नजरेला सजवत नाही, तिला जबाब द्यायला बसवतो. दोष पूर्ण फिटतो असे नाही, पण कथा त्या नजरेची साथीदार न राहता तिची साक्षीदार होते.

‘अनदर लाइफ’ (२००७) या उत्तरकाळातल्या इंग्रजी संग्रहाने कविता पुन्हा त्यांच्या लेखनाच्या केंद्राजवळ आणली. त्यामुळे ‘सोलेदाद’ मराठीच्या कपाटात आणि ‘अनदर लाइफ’ इंग्रजीच्या, अशी वाटणी केली की दोन्हीकडे अर्धाच लेखक उरतो. सारंगांची नोंद एकच हवी: दोन भाषांत लिहिलेल्या एका अखंड साहित्याचा लेखक.