सस्पेन्शनची जुळणी, शर्यतीच्या मोटारसायकलीची
शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर धावणाऱ्या मोटारसायकलीची स्प्रिंग, स्वार संपूर्ण पोशाखानिशी बसला असता किती दबते हे मोजून, तो दाब सामान्यतः ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास राहील असा पूर्वताण प्रथम दिला जातो. मात्र पूर्वताणाने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, हा महत्त्वाचा मुद्दा पुष्कळांच्या ध्यानातून निसटतो, आणि वजनाशी विजोड असलेली स्प्रिंग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. त्यानंतर दाबाचे व परतीचे अवमंदन जुळवितात. मागील उंची वाढविली, अथवा पुढील फोर्कच्या नळ्या पकडीतून वर सरकविल्या, म्हणजे फोर्क अधिक उभा होऊन गाडी वळणात तत्परतेने शिरते, परंतु तिचे स्थैर्य घटते. काही मिलिमीटरांचाही फरक जाणवत असल्याने एका वेळी एकच फेरफार करावा व त्याची नोंद ठेवावी.