मँचेस्टरचा कायदा, गिरणगावचा रविवार

लालबागच्या आमच्या चाळीत रविवारची खूण एकच, भोंगा वाजत नसे. वडील साळखात्यात होते. 'हा रविवार दिला कुणी?' असे मी एकदा विचारले, तेव्हा 'इंग्रजांच्या कायद्याने' असे उत्तर मिळाले. पुढे नोकरी सांभाळून गिरण्यांच्या जुन्या कागदपत्रांचा नाद लागला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते वाचनालयांतल्या बाकांवर. तिथे कळले, की वडिलांचे उत्तर अर्धेच खरे होते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. वीस वर्षांत गिरण्या एवढ्या वाढल्या, की लँकेशायरच्या कापडवाल्यांना घोर लागला. मुंबईत सात-आठ वर्षांची पोरे उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबतात, हे त्यांना अचानक खुपू लागले. ज्यांच्या आधीच्या पिढीने स्वतःच्या देशात दहा तासांच्या कायद्याला कडाडून विरोध केला होता, त्यांना हा कळवळा आला! त्याच सुमारास मँचेस्टरचे व्यापारी विलायती कापडावरची हिंदुस्थानातली आयात जकात उठवा म्हणून तगादा लावत होते, आणि १८८२ साली ती उठलीही. १८७५ च्या मुंबईच्या चौकशी आयोगात बहुमत 'कायदा नको' असे पडले. राष्ट्रीय बाण्याची बहुतेक वृत्तपत्रेही गिरणीमालकांच्या बाजूने उभी राहिली.

त्यांना सरसकट दोष देणे मला जमत नाही. संशय खराच होता. १९९६ साली सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत श्रीमंत देशांनी व्यापाराला कामगार मानकांची अट जोडायची भाषा केली, तेव्हा भारतासह अनेक विकसनशील देशांनी जवळजवळ हाच युक्तिवाद केला. सव्वाशे वर्षांत शब्द तेवढे बदलले. पण या युक्तिवादात एक माणूस नेहमी गाळला जातो, तो म्हणजे साच्यावर उभा असलेला.

त्याची आठवण प्रथम ठेवली ती सोराबजी शापुरजी बंगाली यांनी. हे पारशी गृहस्थ मुंबईचेच, मँचेस्टरचे कुणी नव्हेत. १८७८ साली त्यांनी कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर सरकारचा म्हणून जो कायदा १८८१ साली आला, तो अगदीच पातळ. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या, धोक्याच्या यंत्रांना कुंपण. तेही शंभर माणसे असलेल्या कारखान्यांपुरते. बायकांसाठी, मोठ्या माणसांसाठी काहीच नाही. गिरण्या अर्थातच बुडाल्या नाहीत. पुढच्या दहा वर्षांत त्या वाढल्याच आणि चीनला जाणारे सूतही वाढले.

१८८४ साली मुंबई सरकारने पुन्हा आयोग नेमला. या वेळी मात्र कामगार स्वतः बोलले. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, तेव्हा 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबरात त्यांनी सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. मागण्या पाच. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाल्यास पोटापाण्याची सोय.

ही यादी मी कितीदा तरी वाचली आहे. पहिल्या तीन मागण्या लँकेशायरलाही हव्याशा होत्या, कारण मुंबईची गिरणी जितके तास कमी चालेल तितके तिचे सूत महाग. शेवटच्या दोन मात्र निव्वळ चाळीतल्या होत्या. पगार अडकला की वाण्याची उधारी चढते आणि बोटे तुटली की घर उपाशी राहते, याच्याशी मँचेस्टरला काय देणेघेणे? विलायतेतल्या दबावाची धग कुठवर पोहोचते, ते या फरकावरून समजते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन बायाही बोलल्या. (त्या काय बोलल्या ते वाचायला मी काहीही देईन.) १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे कायद्याच्या आधीच. १८९१ च्या दुरुस्तीत साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली, दुपारचा अर्धा तास आला, मुलांचे किमान वय नऊ झाले आणि बायकांचे काम अकरा तासांवर आले. पुरुषांचे तास मोकळेच राहिले. पुढे विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्तालाही अर्थ उरला नाही. मुंबईत चौदा-पंधरा तास काम चालू लागले. गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ साली.

आणि त्या दोन मागण्या? कामावरच्या इजेबद्दल भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. पगार ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा १९३६ साली. अर्जाला तोवर बावन्न वर्षे झाली होती. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीच मुंबईच्या प्लेगमध्ये गेले होते.