विंडोजचं अपग्रेड फसलं? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि अनेकांनी विंडोज ११ची वाट धरली. पण अपग्रेड मध्येच अडकलं, लॅपटॉप सुरू होईना, की पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मार!’ खरं तर फसलेल्या अपग्रेडमध्ये फोटो, कागदपत्रं बहुतेकदा शाबूत असतात. ती जातात घाईच्या फॉरमॅटमध्ये.

असं का?
अपग्रेड करताना जुनी सिस्टीम लगेच पुसली जात नाही. ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवली जाते. गडबड झाली तर विंडोज अनेकदा स्वतःच जुन्या सिस्टीमवर परततं. तेव्हा पॉवर बटण दाबून हे काम तोडू नये.

लॅपटॉप सुरू होत असेल तर
सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी असं जाऊन ‘गो बॅक’ निवडावं. ही सोय साधारण १० दिवसच असते.

सुरूच होत नसेल तर
सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की रिकव्हरीचा स्क्रीन येतो. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहावं. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

शेवटचा उपाय
‘रीसेट’ करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडावं. यात ॲप्स उडतात, फाइल्स राहतात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ला हात लावण्याआधी मात्र डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावा.