पास्कल, बॉईल आणि ब्रेकची नळी

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे शिक्षक एका जुन्या मोटारीतून पुण्याहून मुंबईकडे निघालो होतो. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि ब्रेकवर पाय ठेवून सावकाश खाली येऊ लागलो. ही सवय अनेकांना असते, आम्हालाही होती. घाट संपत आला असता ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागू लागले आणि पुढच्या वळणावर ते सरळ तळाला टेकले. गाडी थांबेना. हातब्रेक ओढून आणि कशीबशी गिअरमध्ये घालून ती कडेच्या चढावर नेली, तेव्हा थांबली. पाऊण तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट! जणू काही घडलेच नव्हते.

खोपोलीच्या एका गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी उचलण्याआधी एकच प्रश्न विचारला, "मास्तर, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?"

"बदललं नाही. कमी झालं की वरून घालतो."

"मग तेच. ते पाणी पितं, मास्तर. तापलं की त्याची वाफ होते."

वर्गात पास्कलचा नियम आम्ही कितीतरी वर्षे शिकवला होता आणि 'उदाहरण : मोटारीचे ब्रेक' असे फळ्यावर लिहिलेही होते. पण मिस्त्रींच्या त्या दोन वाक्यांत जे होते ते आमच्या फळ्यावर कधी आले नव्हते. परतल्यावर आम्ही या ब्रेकचा इतिहास धुंडाळू लागलो.

त्याची सुरुवात मोटारीच्या कितीतरी आधी होते. ब्लेझ पास्कल ऑगस्ट १६६२ मध्ये वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ १६६३ साली छापला गेला. बंद भांड्यातल्या पाण्याला दोन तोंडे ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे, आणि दोन्हींत दट्ट्या बसवा. लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठा दट्ट्या दाबणाऱ्या शंभर माणसांना तोलून धरील, असे त्यात मांडले आहे. गंमत अशी, की रॉबर्ट बॉईलने हवेचा नियम छापला तो याच सुमारास, १६६२ मध्ये: दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते. एक नियम न दबणाऱ्या द्रवाचा आणि दुसरा दबणाऱ्या हवेचा. मोटारीच्या ब्रेकच्या नळीत पहिला नियम काम करतो, आणि दुसऱ्याला आत शिरू न देण्यासाठी सारी खटपट चालते.

पण द्रव खरोखरच दबत नाही का? फ्लॉरेन्सच्या चिमेन्तो अकादमीने पाण्याने भरलेला चांदीचा गोळा बंद करून हातोडीने ठोकला, तेव्हा पाणी दबण्याऐवजी धातूतून दवासारखे पाझरले. १६६७ साली त्यांचे प्रयोग छापले गेले आणि पाणी दबत नाही अशी समजूत पक्की झाली. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १७६२ मध्ये, लंडनच्या जॉन कँटनने नाजूक मोजमाप करून दाखवले की पाणी दबते, पण अगदी थोडे. दाब एका वातावरणाने वाढवला तर आकारमान सुमारे वीस हजार भागांत एका भागाने घटते. पाठ्यपुस्तकातले 'द्रव दाबता येत नाहीत' हे वाक्य व्यवहारापुरते खरे आहे ते एवढ्याचसाठी.

आता हेच ब्रेकमध्ये मांडून पाहू. पायाचा जोर ३० किलो धरला आणि पेडलची तरफ पाचपट धरली, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो भार येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल तर नळीतला दाब वातावरणाच्या सुमारे पन्नासपट होतो. दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकू शकत असेल तर तो एकूण ९ घन सेंटिमीटर द्रव ढकलतो. चार चाकांचे ब्रेक लावायला हाताशी तेवढेच आहे. नळ्यांत आणि सिलिंडरांत मिळून १०० घन सेंटिमीटर द्रव असला, तर पन्नास वातावरणांच्या दाबाने तो पाण्याच्या हिशेबाने जेमतेम पाव घन सेंटिमीटर दबेल. पण त्याच नळीत ४ घन सेंटिमीटर हवेचा बुडबुडा असला तर तो दबून ०.१ घन सेंटिमीटरहूनही लहान होईल. म्हणजे नऊपैकी जवळजवळ चार भाग नुसता बुडबुडा चेपण्यात गेले! गॅरेजात म्हणतात तसे पेडल 'स्पंजासारखे' लागते ते यामुळे.

मोटारीत ही कल्पना यायला १९१७ ते १९२१ हा काळ उजाडावा लागला. तोवर ब्रेक लोखंडी सळ्यांनी किंवा तारेच्या दोरांनी ओढले जात. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असेपर्यंत हे निभले. पुढच्या चाकांनाही ब्रेक हवा झाला तेव्हा अडचण आली, कारण ती चाके वळतात आणि उसळतात. चारही सळ्या सारख्या ताणाने ओढल्या जाणे महाकठीण. एक जास्त ओढली गेली की गाडी त्या बाजूला वळायची. द्रवाचा दाब मात्र नळी कशीही वळवा, सगळीकडे सारखाच पोचतो. अमेरिकेतल्या माल्कम लॉगहेडने हे हेरून द्रवाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. आडनावाचा उच्चार लोक चुकवत म्हणून त्याने व्यवसायासाठी ते 'लॉकहीड' असे लिहिले. विमानांच्या कंपनीमुळे पुढे तेच नाव जगभर झाले, ती कंपनी त्याच्या भावाची, ॲलनची.

१९२१ साली ल मान्स येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत जिमी मर्फीने ड्यूसेनबर्ग गाडी जिंकून आणली. तिच्या चारही चाकांना द्रवाचे ब्रेक होते. त्याच सुमारास ड्यूसेनबर्गने ते विक्रीच्या गाडीतही बसवले. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते पुष्कळ स्वस्त गाडीत आणले, पण त्यासाठी आधी गळती थांबवावी लागली. लॉकहीडच्या दट्ट्यांना चामड्याच्या वाट्या होत्या, त्या झिरपत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबरी वाट्या घातल्या.

या वाटीची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडात द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता. दट्ट्याभोवती सैल भरण केले तर पाणी गळे, घट्ट केले तर दट्ट्या अडके. यावर उपाय म्हणून कडा आत वळवलेली चामड्याची वाटी आली. तिचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिले जाते. आतला द्रव वाटीच्या ओठांना बाहेर रेटतो, त्यामुळे दाब जितका जास्त तितकी वाटी भिंतीला घट्ट चिकटते. दाब गेला की सैल! गळती घडवणारा दाबच गळती थांबवतो. आपण गॅरेजात पन्नास-शंभर रुपयांना जे 'रबर किट' घेतो त्यातल्या वाट्यांचा आकार हाच आहे.

रबर आले आणि त्याबरोबर नवे पथ्यही आले. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते आणि सुजलेली वाटी सिलिंडरात अडकून बसते. म्हणून सुरुवातीच्या काळात ब्रेकसाठी एरंडेल तेल वापरले गेले. ते रबराला मानवते. दाट असल्यामुळे त्यात अल्कोहोल मिसळत, पण अल्कोहोल उष्णतेने लवकर उकळते. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लायकॉल जातीच्या संयुगांनी ही जागा हळूहळू घेतली. त्यांत तेल नावालाही नाही, तरी गॅरेजात शब्द 'ब्रेक ऑइल' हाच राहिला, आणि या शब्दाने फार नुकसान केले आहे असे आम्हाला वाटते. 'ऑइलच तर आहे' म्हणून अडल्या वेळी इंजिनचे तेल ओतणारे लोक आम्ही पाहिले आहेत. सिलिंडर उघडल्यावर रबरे रॉकेलने किंवा पेट्रोलने धुणारेही पुष्कळ. दोन्हींचा परिणाम तोच, फुगलेल्या वाट्या. धुवायचेच तर ब्रेकच्याच ताज्या द्रवाने किंवा स्पिरिटने धुवावे.

ग्लायकॉलचा दुसरा गुण म्हणजे ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी चालतो, अशी मानकातच सोय आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आता आमच्या घाटाचा हिशेब करू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम आणि उतार सुमारे ५०० मीटर. स्थितिज ऊर्जा झाली जवळजवळ ५९ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने १७ लिटरहून अधिक पाणी २० अंशांपासून उकळीला येईल. गिअर घातला असता तर यातला मोठा वाटा इंजिनने घेतला असता. आम्ही तो चार ड्रमांवर लादला. द्रव उकळला, वाफ झाली आणि पास्कलच्या नळीत बॉईलचा नियम शिरला. गार झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी झाले, म्हणून पाऊण तासाने पेडल शहाण्यासारखे वागू लागले.

एक नळी फुटली तर सगळे ब्रेक जातील, हा आक्षेप लॉकहीडच्या काळापासून घेतला जात होता. फोर्ड कंपनी पेडलपासून चाकापर्यंत पोलादच असल्याची जाहिरात करत राहिली आणि द्रवाचे ब्रेक तिने १९३९ सालच्या गाड्यांत आणले. आक्षेप खोटा नव्हता. मास्टर सिलिंडरात दोन दट्ट्ये ठेवून दोन स्वतंत्र परिपथ करण्याची पद्धत १९६० नंतर रुळली आणि अमेरिकेत १९६८ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची झाली. आमच्या गाडीत एकच परिपथ होता. आम्हाला वाचवले ते हातब्रेकच्या तारेने, म्हणजे लॉकहीडच्या आधीच्या तंत्राने!

खोपोलीत मिस्त्रींनी गाडी घोड्यांवर चढवली, चाकांमागे दगड लावले आणि ड्रम काढले. आतली धूळ आम्ही फुंकणार होतो, तर त्यांनी हात धरला. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसायची. एका सिलिंडरातली वाटी झिरपत होती, ती बदलली. भिंतीवर गंजाचे खड्डे असते तर सिलिंडरच बदलावा लागला असता. मग हवा काढण्याचे काम. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी. निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेले. आम्ही पेडलवर.

"मास्तर, मारा पंप. आता दाबून धरा."

ते निपल सैल करीत, पेडल खाली जाई, बाटलीत बुडबुडे येत. निपल पुन्हा आवळल्यावरच "सोडा" म्हणत. आधी सोडले तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मधूनमधून टाकीत ताजा द्रव घालायचा, कारण ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. बाटलीत आलेला काळपट चहासारखा द्रव आम्ही गाळून पुन्हा वापरू म्हणालो, तेव्हा मिस्त्रींनी तो आमच्यादेखत फेकायच्या डब्यात ओतला. दोन थेंब मडगार्डवर पडले ते लगेच पाण्याने धुतले, नाहीतर रंग सोलून निघाला असता. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींवर त्यांनी हे काम शेकडो वेळा केले होते. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.

वर्गात आता आम्ही ५ आणि २० मिलीलिटरच्या दोन सिरिंज सलाइनच्या नळीने जोडून, सुया न लावता, मुलांच्या हाती देतो. आधी पूर्ण पाणी भरून आणि मग मुद्दाम २ मिलीलिटर हवा ठेवून. दोन्ही वेळा लहान दट्ट्या किती सरकला आणि मोठा किती उचलला गेला ते मुले लिहून घेतात. नंतर ती हवा नळी न काढता बाहेर घालवायला सांगतो. बराच वेळ झटापट चालते. मग कोणीतरी सिरिंज उभी धरून टिचकी मारते आणि बुडबुडा वर चढतो. त्यावेळी चाकाच्या सिलिंडरचे चित्र दाखवून निपल कोठे असेल ते विचारावे. बहुतेक मुले बोट सर्वांत वर ठेवतात.